टोपी खिशात ठेवून पाहिलेली दिल्ली

आमचे अब्बा चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. २६ जानेवारीच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर रंगीत खडूने लाल किल्ला काढायचा आणि वर तिरंगा फडकवायचा, हे काम त्यांचे. दुसऱ्या कोणाला ते खडूला हात लावू देत नसत. खरा लाल किल्ला मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या एका सहकारी गुरुजींनी १९८२ साली दर्यागंजच्या फुटपाथवर उभे राहून संचलन पाहिले होते आणि निवृत्तीपर्यंत स्टाफरूममध्ये तेच सांगितले होते. म्हणून अब्बांचा हट्ट एकच, दिल्ली बघायची तर जानेवारीत.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही मिरजेहून गोवा एक्सप्रेसने निघालो. अब्बा, अम्मी, मी, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. संचलनाची तिकिटे ऑनलाइन होती, पण मी बसेपर्यंत संपली. माझी रजा २७ पर्यंतच, त्यामुळे परतीचे आरक्षण २५ चे. निदान २३ तारखेची रंगीत तालीम रस्त्यावरून दिसेल, असा हिशेब होता.

धुक्यामुळे गाडी चार तास उशिरा निजामुद्दीनला पोचली. उतरण्याआधी मी अब्बांना हळूच म्हणालो, "अब्बा, टोपी खिशात ठेवा."

"का रे?"

"इथे सध्या तपासणी कडक आहे."

त्यांनी काही न बोलता टोपी काढली, घडी घातली आणि स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली.

फोनवरून बुक केलेल्या लॉजवर गेलो तर मॅनेजरने आमची आधारकार्डे एकेक करून पाहिली आणि म्हणाला, रूम शिल्लक नाही, ऊपर से ऑर्डर है. आता हे नाव बघून होते, की खरोखरच गर्दी होती, की सव्वीस जानेवारीच्या आधी पोलिसांच्या तपासणीची कटकट नको म्हणून होते, मला आजही माहीत नाही. ही न कळण्याची जागाच फार वाईट असते. कोणी तोंडावर अपमान केला तर भांडता येते. इथे आपण सामान उचलून बाहेर येतो आणि दिवसभर स्वतःशीच वाद घालत राहतो. बायको म्हणाली, नाव बघूनच. मी म्हणालो, तसे काही नसेल. शेवटी जामा मशिदीजवळच्या गल्लीत खोली मिळाली. तिथल्या रिक्षावाल्याने आमची दखनी ऐकून विचारले, हैदराबाद से हो? महाराष्ट्र म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. आम्हाला याची सवय आहे. गावाकडेही लोक विचारतात, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?

सोमवारी सकाळी आठलाच निघालो. विजय चौकातून निघणारे संचलन कर्तव्यपथ, टिळक मार्ग, बहादुरशाह जफर मार्ग आणि नेताजी सुभाष मार्गावरून लाल किल्ल्यापर्यंत जाते. अब्बांना हा क्रम पाठ होता. चालता चालता त्यांनी नातीला सांगितले की टिळकांना इंग्रजांनी १९०८ साली मंडालेला पाठवले आणि त्याआधी पन्नास वर्षे जफर बादशहाला रंगूनला. दोघांना शिक्षा एकाच देशात, आणि आता दोघांचे रस्ते एकापुढे एक. नातीने विचारले, ते परत आले का? टिळक आले, जफर नाही आले, अब्बा म्हणाले.

आमच्या गल्लीतून नेताजी सुभाष मार्ग दहा मिनिटांवर आहे. पण प्रत्येक गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड, दोर आणि बंदूकधारी जवान. दुकानांची शटर खाली. एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर, तिथून मागे, असे आम्ही दोन तास फिरलो. अम्मींचे गुडघे बोलायला लागले. बसायला कठडा नाही, स्वच्छतागृह विचारले तर "आगे से पूछिए". बॅग कुठे ठेवायची याचे उत्तर तर कोणाकडेच नव्हते. शेवटच्या नाक्यावर जवानाने अब्बांचे खिसे तपासले. पेन्शनरचे ओळखपत्र, चष्म्याचे घर, आणि टोपी. त्याने टोपी उलगडून पाहिली, पुन्हा घडी घातली आणि दोन्ही हातांनी परत दिली. "चाचा, इधर से नहीं जा सकते. किसी को नहीं जाने दे रहे." आमच्या बाजूला टिळा लावलेले एक राजस्थानी कुटुंब उभे होते. त्यांनाही तेच उत्तर.

म्हणजे त्या जवानाने भेदभाव केला नाही. टोपी काढायला लावणारा मी होतो.

बंदोबस्त नको, असे मी म्हणणार नाही. ८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे गेली. बॉम्ब नाव विचारून फुटत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण त्याच प्रकरणात पकडलेली मुस्लिम माणसे पाच वर्षे तुरुंगात काढून जामिनावर सुटली आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. स्फोटात मरणारे आम्ही आणि पकडले जाणारेही आम्ही, हे पाहत वाढलेला माणूस खाकी कपडे दिसताच आपोआप आवाज खाली आणतो. माझा आवाज असाच खाली येतो. त्या दिवशी मुलगी पळाली तेव्हा मी तिच्यावर ओरडलो, "पळू नकोस, पोलीस बघतायत." ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. पोलीस आमच्याकडे बघतही नव्हते.

दुसरी गोष्ट सगळ्यांचीच आहे, त्या राजस्थानी कुटुंबाचीही. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, त्याचे आपण कौतुक केले. दिवे गेले, अडवलेले रस्ते राहिले. प्रजासत्ताकाच्या सोहळ्यात प्रजेने कुठे उभे राहायचे, हे आधी नीट सांगायला काय हरकत आहे? वाहतुकीचे फलक दिल्लीच्या माणसासाठी असतात. मिरजेहून, बिकानेरहून निघालेल्या माणसाला रेल्वेचे आरक्षण करतानाच कळले पाहिजे की या तारखांना हे बंद, ते बंद. म्हाताऱ्यांसाठी चार बाकडी आणि सामान ठेवायला एक खोली, एवढ्याने सुरक्षा ढिली होत नाही. अनुच्छेद १९ मध्ये देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क आहे आणि त्यावर वाजवी बंधने घालता येतात, हेही आहे. अब्बांनी दोन्ही मुलांना शिकवले. वाजवी किती, हे ठरवताना अम्मींचे गुडघेही मोजावेत, इतकेच माझे म्हणणे.

लाल किल्ला सोमवारी तसाही बंद असतो, ते आमच्या लक्षात आले नव्हते. ही चूक आमची. मंगळवारी गेलो तर बंदोबस्तामुळे बंद. मग जामा मशिदीत जोहरची नमाज पढून अब्बा पूर्वेच्या पायऱ्यांवर बसले. तिथून समोर किल्ला दिसतो. टोपी डोक्यावर होती. बराच वेळ बघून म्हणाले, "मी बुरूज फार जवळ जवळ काढत होतो."

मी म्हणालो, "अब्बा, त्या दिवशी मी टोपी काढायला सांगायला नको होतं."

"तू भ्यायला होतास," ते म्हणाले. "मी पण भ्यायलो होतो. नाहीतर काढली असती का?"

२६ जानेवारीला सकाळी आम्ही मनमाडच्या आसपास होतो. समोरच्या बर्थवरच्या तरुणाने मोबाईलवर संचलन लावले आणि अब्बांना जवळ बसवून घेतले. रेंज येत होती, जात होती. उंटांची तुकडी आली आणि चित्र गोठले. अब्बा तेवढ्यात नातीला पुढचा बेत सांगत होते. दिल्लीला परत जायचे, पण जानेवारीत नाही आणि ऑगस्टमध्येही नाही. दिवाळीच्या सुट्टीत बघू म्हणाले. आणि सोमवार सोडून.