तेल काळं? टेन्शन नॉट!

"तेल काळं पडलं, बदलूनच टाका!" गॅरेजमध्ये हे ऐकलं की आपण लगेच पाकीट काढतो. थांबा, बॉस! काजळी धरून ठेवणं हे तेलाचं कामच. नुसत्या रंगावरून ठरवू नका. खरा फंडा मॅन्युअलमध्ये: ठरावीक किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते.

अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटर डांबर सलग टाकून गिनीज विक्रम झाला. अशा रस्त्यावरची सलग धाव इंजिनाला मानवते. त्याला छळतो तो माझा रोजचा राजापेठ-कॅम्प फेरा! इंजिन नीट तापायच्या आत ऑफिस येतं. पेट्रोल अन् ओल तेलातच राहते. वर आपली वऱ्हाडी धूळ. म्हणून मीटर कमी फिरलं, तरी महिने मोजा. अन् डिपस्टिकवर पातळी खाली दिसली, तर तारखेची वाट बघू नका, आधी तेल भरा. नाहीतर इंजिन जाम, पगार साफ!