चवदार तळ्याचा खटला ठाण्यातही चालला होता

कुठल्याही विद्यापीठाच्या लॉ स्कूलचा नोटीस बोर्ड वाच. मूट कोर्ट स्पर्धा. निवृत्त न्यायमूर्तींचं व्याख्यान. कंपनी कायद्यावर परिसंवाद. २६ नोव्हेंबरला संविधान दिन : उद्देशिकेचं सामूहिक वाचन, बाबासाहेबांच्या तसबिरीला हार, फोटो, चहा-समोसा, खलास. ह्या सगळ्या बातम्यांत आपण कुठं असतो? तसबिरीत. वर्गात आपण किती असतो, ही बातमी कुणी लावत नाही.

म्हणून दोस्ता, आज एक बातमी मी लावतो. जुनी आहे, पण तुला कुणी सांगितलेली नसणार.

२० मार्च १९२७ ला महाडला आपण पाणी प्यायलो. हे तुला पाठ आहे. त्याच्यावर गाणी आहेत, कॅलेंडरं आहेत. पण पुढचं? त्याच वर्षी डिसेंबरात महाडच्या सवर्णांनी बाबासाहेबांवर आणि सोबत्यांवर कोर्टात दावा ठोकला. तळं आमच्या मालकीचं आणि अस्पृश्यांनी त्याला न शिवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची, असं त्यांचं म्हणणं. मनाईहुकूमही मिळवला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं त्यांचा दावा फेटाळला. त्यांनी अपील केलं. कुठं? ठाण्याला. ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या असिस्टंट जज्जानं महाडचा निकाल कायम केला. तरी ते थांबले नाहीत, हायकोर्टात गेले. तिथं १७ मार्च १९३७ ला हरले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली!

आणि हायकोर्टानं तरी काय म्हटलं? अस्पृश्यता हे पाप आहे, असं नाही म्हटलं. वहिवाट अनादि काळापासून आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, एवढंच म्हटलं. म्हणजे आपण पुराव्यावर जिंकलो. कागदावर, साक्षीवर, उलटतपासणीवर जिंकलो. तळ्यावर हजारो गेले होते, त्यांच्याशिवाय लढाई सुरूच झाली नसती. पण ती तडीला नेली कायद्याचा कीस काढणाऱ्या माणसानं. तो माणूस १९२२ ला बॅरिस्टर झाला होता, १९३५ ला मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. सनदेच्या पैशासाठी त्यालाही मित्रापुढं हात पसरावा लागला होता.

आज त्याच ठाण्यात कोर्टनाक्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि बाळकुमला मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. तिथं पाच वर्षांचा लॉ शिकवतात. पुतळ्यापासून वर्गापर्यंत एका रिक्षाचं अंतर. कोळसेवाडीतल्या, विठ्ठलवाडीतल्या पोरीला तेच अंतर कापायला किती पिढ्या लागतात, ते मोज.

माझंच सांगतो. कल्याण पूर्वेहून पहाटेची लोकल, सकाळचं लॉ कॉलेज. नाव जाऊ दे. फी सरकार भरणार, असा नियम. खिडकीवरचा बाबू म्हणाला, ‘स्कॉलरशिप येईल तेव्हा येईल, तू आधी भर. नायतर हॉलतिकीट नाय.’ आईनं भिशी आधी उचलली. वर्गात मास्तर कलम १७ शिकवत होते : अस्पृश्यता नष्ट झाली आहे. पुढच्या बाकावरून एकानं विचारलं, ‘सर, मग रिझर्व्हेशन कशाला?’ वर्ग हसला. सरही हसले. मी वहीत कलम १७ लिहून घेतलं.

हा एकट्याचा रडगाणा नाही. रस्त्यावरचे टोलनाके बघ. पहिला सीईटीच्या क्लासचा. दुसरा फीचा. तिसरा निकालाचा. २०१७ ला मुंबई विद्यापीठानं ऑनलाइन तपासणीचा घोळ घातला, निकाल रखडले, लॉचेही रखडले. शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना हटवलं. कुलगुरू गेले, पोरांचे महिने परत आले नाहीत. बापाची फॅक्टरी असली तर सहा महिने परवडतात. बाप नाक्यावर उभा राहत असला तर पोरगं तेवढ्यात डिलिव्हरीच्या बाइकवर बसतं आणि पुन्हा कॉलेजात येत नाही.

चौथा नाका सनदेचा. कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी नोंदणी फी १२५ रुपये, इतरांसाठी ७५०. तरी राज्याराज्यांतल्या बार कौन्सिल वर्षानुवर्षं हजारो उकळत होत्या. ओडिशात तर ४२ हजारांच्या वर. कायदा मोडून वकिलांची नोंदणी! ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टानं हे बंद करायला सांगितलं. पाचवा नाका ज्युनिअरकीचा. ऑक्टोबर २०२४ ला बार कौन्सिल ऑफ इंडियानं शहरात महिना २० हजार विद्यावेतनाची शिफारस केली. शिफारस म्हणजे कुणावर बंधन नाही. आणि २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ठरवलं, दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर आधी तीन वर्षं वकिली हवी. अनुभव हवा, कबूल. पण तीन वर्षं लोकलचा पास कोण काढणार? घरभाडं कोण देणार?

आता ह्या नाक्यांपलीकडं पोचतो कोण ते बघ. २०१८ पासून जुलै २०२३ पर्यंत देशातल्या हायकोर्टांत ६०४ न्यायाधीश नेमले. खुल्या गटातले ४५८. अनुसूचित जातींचे १८. जमातींचे ९. हे आकडे सरकारनंच दिलेत. वर सांगायचं, गुणवत्ता.

खुर्चीवर कोण बसलंय यानं काय फरक पडतो, असं विचारतोस? खैरलांजी आठव. २००६ ला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटीचा कायदा ना भंडाऱ्याच्या कोर्टात लागला, ना हायकोर्टात. खून दिसले, जात दिसली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात कानपूरला पुतळ्याची विटंबना झाली, उल्हासनगरजवळ डेक्कन क्वीन पेटली. केसेस पडल्या त्या आपल्या पोरांवर. तारखेला त्यांच्या शेजारी उभा राहील असा वस्तीतला वकील किती जणांना मिळाला?

तर लॉ स्कूलवाल्यांनो, हाराचं पुरे झालं, आता हिशेब द्या. दरवर्षी राखीव जागांवर किती आले, किती गळाले, किती जणांची फी अडवली, किती जणांना सनद मिळाली, हे त्याच नोटीस बोर्डावर लावा. विधी साहाय्य केंद्र चालवणं तुमच्यावर बार कौन्सिलच्या नियमानं बंधनकारक आहे. ते वस्तीत आणा, मराठीत चालवा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ नं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हे किती घरांत माहीत आहे? तुमच्या मूट कोर्टात खोट्या अशिलासाठी घसा कोरडा करण्यापेक्षा पोलीस ठाण्यात खऱ्या अशिलासोबत जा आणि एफआयआर लिहून घ्यायला लावा.

आणि आपणही हिशेब द्यायचा. १४ एप्रिलला डीजेच्या भिंती उभ्या राहतात. वर्गणी मी पण फाडतो, मी पण नाचतो. पण त्या एका रात्रीच्या वर्गणीत वस्तीतल्या दोन पोरींची सनद आणि वर्षाचा रेल्वे पास निघतो, हे मंडळाच्या मीटिंगमध्ये कुणी मांडत नाही. ह्या वर्षी तू मांड. शिव्या पडतील, खा.

गोविंदराव, बळवंतराव नावाची माणसं आजही वहिवाट सांगत कोर्टात उभी राहतील. त्यांच्यासमोर उभं राहायला आपला माणूस लागेल, आणि तो तसबिरीतून उतरून येणार नाही. सीईटीचा फॉर्म भर. बाबू अडवील तेव्हा एकटा जाऊ नकोस, दहा जण घेऊन जा, आणि नियम खिशात ठेव.

जयभीम!