जुन्या गेम्सचा आवाज विंडोजमध्ये कुठे हरवला?

जुना गेम नव्या विंडोजवर सुरू होतो, पावलंही वाजतात. पण दगडी दालनातला घुमारा ऐकू येत नाही. असं का होतं?

2007मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने ध्वनियंत्रणा नव्याने बांधली. सदोष ड्रायव्हरमुळे अख्खा कॉम्प्युटर बंद पडू नये, हा एक हेतू होता. मात्र त्यात डायरेक्टसाउंडचा साउंड कार्डशी असलेला थेट संबंध तुटला. 1998च्या 'थीफ'सारख्या, कानोसा घेत खेळायच्या गेमला त्याचा फटका बसला.

क्रिएटिव्ह कंपनीने 'अल्केमी' हा उपाय काढला, तो प्रामुख्याने स्वतःच्या कार्डांसाठी. 'डीएसओएएल' हे मोफत ओपन सोर्स सॉफ्टवेअर मात्र कुठल्याही कार्डवर चालतं. त्याच्या फाइल्स गेमच्या फोल्डरमध्ये ठेवल्या की घुमारा प्रोसेसरच तयार करतो.

म्हणजे विकत घेतलेल्या गेमचा आवाज टिकवण्याचं काम आता कंपनीबाहेरच्या प्रोग्रामरांवर येऊन पडलं आहे.