‘गेम’ या शब्दाचा हिशेब



‘गेम’ हा शब्द आपल्या घरात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. नातवंडांच्या मोबाईलमुळे तो आजीच्याही तोंडी बसला आहे. पण त्याचा एक जुना अर्थ बऱ्याच जणींना माहीत नसेल. ज्या रानातल्या प्राण्यांची आणि पाखरांची शिकार करतात, त्यांनाही इंग्रजीत ‘गेम’च म्हणतात. हरीण, ससा, तितर, सगळे ‘गेम’. त्यांच्या मांसालाही तेच नाव.

जुन्या इंग्रजीत ‘गॅमन’ म्हणजे आनंद, करमणूक. राजे-सरदारांची आवडती करमणूक शिकार, म्हणून हा शब्द शिकारीला लागला आणि सुमारे १३०० सालापासून मारल्या जाणाऱ्या जीवालाही चिकटला. ‘गॅम्बल’, म्हणजे जुगार, हा शब्दही त्याच कुळातला मानतात.

आता आपली सात कुव्यसनं आठवा. त्यांत जुगार आहे आणि शिकारही आहे. इंग्रजीने ज्यांना खेळाच्या घरात बसवलं, त्या दोन्हींना आपल्या आचार्यांनी व्यसन म्हटलं. दोन्हींत मजा एकाची आणि नुकसान दुसऱ्याचं. जुगारात ते घरच्या बायका-मुलांचं होतं, शिकारीत मुक्या जीवाचं.

मी कॉमर्सची. हिशेबात एक चूक अशी असते की रक्कम चुकीच्या खात्याला टाकली तरी ट्रायल बॅलन्स बरोबर जुळतो, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. ‘गेम’ या शब्दाने हेच केलं. एका जीवाचा मृत्यू करमणुकीच्या खात्याला टाकला. शब्द साधा, सगळ्यांच्या सवयीचा, म्हणून कोणी विचारलं नाही.

कोणी म्हणेल, शब्दात काय आहे, आपण थोडीच शिकारीला जातो? पण आपण पाप फक्त हाताने केलेलं मोजत नाही. करणं, करवणं आणि अनुमोदणं, तेही मन, वचन आणि काया या तिन्हींनी, असा आपला हिशेब आहे. मारण्याला खेळ म्हणणं हे वचनाने केलेलं अनुमोदनच, असं मला वाटतं.

आपल्या भाषाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे मुळात कोणतंही रानटी जनावर, म्हणून तर सिंह ‘मृगेंद्र’. त्याच शब्दाशेजारी ‘मृगया’ उभी आहे आणि तीही राजांची करमणूकच होती. उत्तराध्ययन सूत्रातला कांपिल्य नगरीचा संजय राजा असाच शिकारीला निघाला. त्याच्या बाणाने हरीण पडलं, ते ध्यानस्थ गर्दभाली मुनींच्या जवळ. राजा घाबरला. मुनींनी त्याला अभय दिलं आणि सांगितलं की तूही इतरांना अभय दे. राजाने राज्य सोडून दीक्षा घेतली.

हा ‘अभय’ शब्द आपल्या जिल्ह्यातही आहे. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी १९८० साली राखलेलं जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं रान आहे. अशा रानाला मराठीत ‘अभयारण्य’ म्हणतात. इंग्रजांच्या काळात राखीव रानाला ‘गेम रिझर्व्ह’ म्हणत. तिथे प्राणी राखायचा तो पुढे मारता यावा म्हणून, इथे त्याला भीती वाटू नये म्हणून. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या मूळ परिशिष्टांतही ‘बिग गेम’, ‘स्मॉल गेम’ असे वर्ग होते आणि परवाना काढून शिकार करता येत होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. आज त्या कायद्यात शिकार म्हणजे फक्त ठार मारणं नाही. फास लावणं, जखमी करणं, पाखरांची अंडी-घरटी विस्कटणं हेही शिकारीतच येतं. ही व्याख्या वाचताना मला आपल्या प्रतिक्रमणातल्या अतिचारांची आठवण होते.

आणि आता हाच शब्द सिनेमांतून माणसावर आला आहे. ‘त्याचा गेम केला’ म्हणजे त्याला ठार मारलं. घराघरांत पोरं हे हसत बोलतात. त्यांना रागावून उपयोग नाही, अर्थ सांगायला हवा. खेळ असेल तर खेळ म्हणा, मारलं असेल तर मारलं म्हणा. पाठशाळेत सात कुव्यसनं पाठ करून घेताना एवढं जरूर सांगा. आणि सुट्टीत नातवंडांना एकदा रेहेकुरीला न्या. सकाळी लवकर गेलं की माळावर चरणारे काळविटांचे कळप दिसतात.