किंग हेन्री रोडवरचे घर आणि वऱ्हाडातले वाडे

चांदूर रेल्वेत एखादा जुना वाडा विकायला निघाला, तर त्याची जाहिरात द्यावी लागत नाही. बातमी चहाच्या टपरीवर पोचते आणि पाठोपाठ दोन माणसे येतात. पहिला लाकडाचा व्यापारी. तो खांबांवरून, तुळयांवरून, दिंडी दरवाजावरून हात फिरवतो आणि सागवान किती घनफूट निघेल ते मनातल्या मनात मांडतो. दुसरा प्लॉट घेणारा. तो वाड्याकडे पाहतच नाही, समोरचा रस्ता किती रुंद आहे ते पाहतो. या दोघांच्या आकड्यांची बेरीज म्हणजे वाड्याची किंमत. ओसरीवर कोण बसून गेले, कुठली सभा तिथे ठरली, याला त्या हिशेबात रकाना नसतो.

हा रकाना भरून झालेला एक मोठा सौदा मराठी माणसाच्या पैशाने झाला, पण तो लंडनमध्ये. वाचकांना आठवत असेल, लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातले १०, किंग हेन्री रोड हे घर २०१४ साली विकायला निघाले. एकमेकांच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या ओळीतले हे चार मजली घर. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे भाडेकरू विद्यार्थी म्हणून राहिले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास आणि ग्रेज इनमधली बॅरिस्टरी एकाच वेळी चालली होती, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा तो गाजलेला प्रबंधही त्याच वर्षांतला.

ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनांनी घर विकाऊ असल्याचे महाराष्ट्र सरकारला कळवले. मग पत्रे गेली, घोषणा झाल्या, तारखा पुढे सरकल्या, आणि २०१५ साली सुमारे ३१ लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीस कोटींहून अधिक रुपयांना, घर राज्याच्या नावावर झाले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटनही झाले.

एवढ्या पैशात इथे काय काय झाले असते, असा सूर तेव्हा निघाला होता. मला तो पटला नाही. जगातल्या एका महागड्या वस्तीत, एका महार सुभेदाराचा मुलगा जिथे पुस्तकांत डोके खुपसून राहिला, ते घर महाराष्ट्राने घ्यावे यात गैर काही नाही. माझी हरकत दुसरीच आहे. घर विकत घेतले म्हणजे ते वाचवले, असे आपण धरून चाललो.

कॅम्डेन हा त्या भागाचा बरो, म्हणजे आपल्या भाषेत स्थानिक पालिका. राहण्याच्या घराचे संग्रहालय करायचे, तर तिथे आधी वापर बदलण्याची परवानगी घ्यावी लागते. ती न घेताच उद्घाटन होऊन गेले. लोक येऊ लागले, शेजाऱ्यांनी गर्दीच्या आणि आवाजाच्या तक्रारी केल्या. उशिरा अर्ज केला तो २०१८ साली फेटाळला गेला, कारण घरांची टंचाई असलेल्या भागातले एक राहते घर कमी होत होते. प्रकरण अपिलात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये चौकशी-सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या गृहनिर्माण खात्याचे मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाच्या बाजूने निकाल दिला. राहत्या घराचे नुकसान खरे आहे, पण या वास्तूचे आंबेडकरांशी असलेले नाते त्याहून वजनदार आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

हा वाद चालू असताना आपल्याकडे ‘बाबासाहेबांच्या घराला विरोध’ एवढेच छापून येत होते. तक्रारदारांच्या मनातले मला सांगता येणार नाही. पण पालिकेने विचारलेला प्रश्न सरळ होता आणि तिने तो उद्या इंग्रज मालकालाही विचारला असता. मला त्या प्रकरणातली मोलाची गोष्ट हीच वाटते. एका परक्या राज्याच्या सरकारने रोख पैसे मोजून घेतलेल्या घराबाबतही शेजारच्या साध्या रहिवाशाला बोलता आले, त्याचे म्हणणे नोंदले गेले, आणि शेवटी इतिहासाचे वजन किती हे कोणाला तरी कागदावर मांडावे लागले.

आपल्याकडे हे वजन मांडायची वेळच येत नाही. चांदूरच्या वाड्यांचे घ्या. गावाच्या नावात रेल्वे आली ती याच जिल्ह्यातल्या चांदूर बाजारापासून वेगळे ओळखता यावे म्हणून. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. या मार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि गावोगाव पैसा खेळू लागला. त्या पैशातून आणि सागवानातून बांधलेली घरे वऱ्हाडभर दिसतात. ओसरी, ढाळज, माजघर, बंगईच्या कड्या, वर कवेलू.

त्यांची बांधणी इथल्या जमिनीला ओळखून होती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून शेत काळीवर आणि वस्ती पांढरीवर, ही जुनी वाटणी. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभराहून जाड, आणि छपराचा भार लाकडी खांबांवर. भिंत खचली तरी खांब छप्पर धरून ठेवतो. अशा भिंतीला हौसेने सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून भिंतीसकट सुटतो. मग मालक म्हणतो, ‘इतका खर्च केला तरी वाडा टिकला नाही.’ वाडा मोडकळीला आला तो पुष्कळदा दुरुस्तीनेच, हे सांगणारा गवंडी आता शोधावा लागतो.

दुसरे कारण हिश्शांचे. एका वाड्याला पाच भाऊ, त्यांची मुले पुण्यात, नागपुरात, अमेरिकेत. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही वाटा मिळाला. ते न्यायाचेच झाले. पण सहीची संख्या वाढली आणि दुरुस्तीसाठी पदरचे पैसे घालणारा एकही उरला नाही. बारा जणांचे एकमत विकण्यावर होते, कवेलू बदलण्यावर होत नाही. मालकांना शहाणपण शिकवण्यात म्हणून अर्थ नाही. गळक्या घरात राहून इतिहास सांभाळा, असे कोणी कोणाला सांगावे?

सगळे वाडे सरकारने विकत घ्यावेत, असेही मी म्हणणार नाही. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाखांना राज्याने परत आणली, हे चांगले झाले. पण तलवार एका पेटीत मावते. घराला रोज झाडणारा माणूस लागतो, आणि सरकारी ताब्यातल्या घराला तो पहिली काही वर्षेच मिळतो.

लंडनमध्येच एक स्वस्त उपायही पाहायला मिळतो. मेडा व्हेलमधल्या १०, हाउली प्लेस या घरावर निळी चकती आहे : लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. घर कोणी विकत घेतले नाही, संग्रहालय झाले नाही. भिंतीवर दोन ओळी आल्या आणि घर पाडायला निघणाऱ्याला आधी त्या वाचाव्या लागतील एवढी सोय झाली. १८६६ पासून त्या शहरात हा उद्योग चालू आहे.

वऱ्हाडात अशा दोन ओळींना जागा कमी नाहीत. टिळकांच्या खटल्याच्या अपिलासाठी १९०८ साली इंग्लंड गाठणारे दादासाहेब खापर्डे अमरावतीचे. १८९७च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्षही तेच. ऑक्सफर्डची डॉक्टरेट घेऊन आलेले पंजाबराव देशमुख पापळचे. चांदूरसारख्या गावाला इतकी मोठी नावे मिळणार नाहीत. पण इथल्या कुठल्या घरात पहिले वाचनालय चालले, कुठल्या ओसरीवर मुलींची शाळा भरली, हे अजून सांगणारी माणसे आहेत. नगर परिषदेने पाडण्याची परवानगी देण्याआधी महिनाभराची नोटीस लावावी आणि अमरावती-बडनेऱ्याच्या अभियांत्रिकीच्या मुलांकडून त्या वाड्याचे मोजमाप व फोटो करून घ्यावेत, एवढे मागणे मला जड वाटत नाही. महिन्यात एखादा गिऱ्हाईक राहायला म्हणूनही पुढे येईल. न आला तर निदान नकाशा उरेल.

पहिली चकती कुठे लावावी असे मला कोणी विचारले, तर मी अमरावतीत लावा म्हणेन. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी तिथल्या इंद्रभुवन नाट्यगृहात परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी होते किंग हेन्री रोडवरचे तेच भाडेकरू.