घरातली यंत्रशाळा आणि आपला पुस्तकी अहंकार

खामगावातल्या आमच्या घराच्या मागील खोलीत अखेर लेथ बसला. भिंतीलगत जाड लाकडी बाक, त्यावर व्हाइस, कोपऱ्यात ड्रिल मशीन, खिडकीखाली कानशींची मांडणी आणि मधोमध काँक्रीटच्या स्वतंत्र ओट्यावर जुना, पण धड असलेला लेथ. रंग वाळला, वायरिंग झाले, अर्थिंग तपासून झाले आणि बघ्यांची रीघ सुरू झाली. येणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावा, "धंदा कसला काढला?" आणि धंदा नाही हे कळल्यावर दुसरा, "मग हे कशाला?" शेजारच्याच खोलीत पुस्तकांची कपाटे लावली तेव्हा मात्र 'हे कशाला?' असे कोणीही विचारले नव्हते.

आमचे भांडण आहे ते या दुसऱ्या प्रश्नाशी. पुस्तक हे ज्ञान, त्याला प्रयोजन विचारायचे नसते. लोखंड हे पोटापाण्याचे साधन, तेव्हा त्याने आपली मिळकत सांगितलीच पाहिजे, असा आपल्या सुशिक्षित समाजाचा न लिहिलेला कायदा आहे. तो आम्हांस मान्य नाही.

लेथ बसवणे म्हणजे चार बोल्ट आवळणे नव्हे. त्याच्या बेडला केसाएवढा पीळ पडला तरी काम बिघडते. म्हणून आधी लेव्हल लावायची, मग चकमध्ये एक सळई धरायची, दुसरे टोक मोकळे ठेवायचे आणि हत्याराची जागा न बदलता दोन्ही टोकांशी हलका काप घ्यायचा. मायक्रोमीटरने दोन्ही मापे सारखी आली तर ठीक. नाहीतर पायाखाली पत्र्याची पातळ पट्टी सारून पुन्हा पहिल्यापासून. आमचे दोन दिवस यातच गेले. याला वाचन म्हणायचे नाही तर कशाला? उलट, या वाचनात लबाडीला जागा नाही. चुकीचा निबंध छापून येतो. चुकीच्या मापाचा दट्ट्या सिलिंडरात जात नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला हे नवे नाही. जलंब ते खामगाव हा रेल्वेफाटा १८७० साली झाला तो कापसासाठी. कापसामागून सरकी काढणारी जिनिंगची आणि गाठी बांधणारी प्रेसिंगची यंत्रे वऱ्हाडात आली आणि यंत्रांमागून फिटर आले. नुसत्या आवाजावरून बेअरिंगचे दुखणे ओळखणारी ती माणसे काय जाणत होती, हे सांगणारे एकही मराठी पुस्तक आमच्या वाचनात आलेले नाही. कापसाच्या भावावर आपण लिहिले, शेतकऱ्याच्या दुःखावर लिहिले, आणि ते लिहायलाच हवे होते; परंतु यंत्र चालवणाऱ्याच्या बुद्धीवर काही लिहावे असे आपल्याला वाटले नाही.

कारण उघड आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या ग्रंथात बलुतेदारीचा सगळा संसार मांडलेला आहे. त्या व्यवस्थेत लोहार-सुताराच्या हाती हत्यार होते, लेखणी नव्हती. लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांना हत्याराचा विटाळ होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी ही रेघ पुसली. बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून निघालेला हा माणूस लोखंडी नांगरापर्यंत पोचला. लोखंडाने जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांशी त्याने झुंज घेतली आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी केली. तिथूनच १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. त्या मासिकाच्या आठवणीने आपण आजही हळवे होतो. ते ज्या कारखान्याच्या पोटी जन्मले त्याचे आपल्याला काही वाटत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसाय शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला. शिकलेल्या घरांनी तो विचार वाखाणला आणि आपली मुले मात्र दुसऱ्या शाळेत घातली.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. घरात हौसेने लेथ बसवणे हा भरल्या पोटाचा चोचला आहे. ज्याच्या पिढ्या ऐरणीवर गेल्या त्याला ही हौस परवडली नाही. खरे आहे. ऐरणीपासून सुटका मागणाऱ्या लोहाराच्या मुलाला श्रमाचे माहात्म्य ऐकवण्याचा अधिकार आम्हांला नाही. म्हणूनच आमचे सांगणे त्याला नाही. ते पुस्तकांच्या कपाटांनी भरलेल्या घरांना आहे. 'श्रमप्रतिष्ठा' हा शब्द आपण भाषणात वापरला, पण कानस दुसऱ्याच्याच हातात ठेवली. प्रतिष्ठा द्यायची तर आधी आपला हात काळा झाला पाहिजे.

मराठीच्या ऱ्हासावर लिहिणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. सांडशी, गिरमिट, ओळंबा, गुण्या हे शब्द गेले म्हणून आपण लेख लिहितो. ते कोशात आहेतच. नाहीत ते हात. हात थांबला की त्याचा शब्द फार दिवस टिकत नाही, आणि कोणत्याही साहित्य संमेलनाचा ठराव त्याला परत आणीत नाही.

असो. आमच्या यंत्रशाळेत तिसरा प्रश्न आला तो परवा, आणि तो विचारला शेजारच्या आठवीतल्या मुलीने. "काका, हे कसं चालतं?" इतक्या दिवसांत हे कोणीच विचारले नव्हते. आम्ही तिला आधी चष्मा दिला, ओढणी बाजूला ठेवायला आणि वेणी नीट बांधायला सांगितले, वीज बंद असल्याची खात्री केली आणि मग तिच्याच हाताने चक फिरवून घेतला.