विरजण कोणाचे?

गेल्या मे महिन्यात आम्ही घरी पाव भाजावयास घेतला आणि लागोपाठ चार वेळा तोंडघशी पडलो. बाजारातील यीस्टची पुडी न घालता केवळ कणीक, पाणी आणि मीठ यांवर फुगविलेला आंबट पिठाचा पाव, ज्याला हल्ली सॉरडो म्हणतात, तो आम्हांस करावयाचा होता. अपयशाची कबुली देण्यात आम्हांस संकोच नाही. हरलेले दावे मोजण्याची सवय वकिलाला असतेच. परंतु ही वार्ता घराबाहेर पडल्यावर जे दोन निवाडे आमच्या कानी आले, ते आम्हांस मान्य नाहीत. पहिला निवाडा आमच्या देवळाच्या समितीतील एका वयोवृद्ध व आदरणीय गृहस्थांचा: शिळ्या, आंबलेल्या पिठाचा पाव ही परधर्मीयांची वस्तू, ती हिंदूच्या चुलीवर फसली हेच योग्य झाले. दुसरा एका तरुण आप्ताचा: ही विलायती कला, तिला विलायती पीठ, विलायती बिडाचे भांडे आणि वेताची विलायती टोपली पाहिजे. एकाने पावाला परका म्हणून हाकलले, दुसऱ्याने परका म्हणूनच डोक्यावर घेतले. दोघांचे गृहीतक एकच आहे, आणि ते चूक आहे.

आधी हकीकत सांगतो. काचेच्या बरणीत 50 ग्रॅम कणीक आणि 50 ग्रॅम पाणी कालवून ठेवावयाचे, रोज त्यातील अर्धे काढून टाकून तितकेच ताजे घालावयाचे, असा विधी पुस्तकात सांगितला होता. दुसऱ्याच दिवशी बरणी फसफसून काठाशी आली. आम्ही घरच्यांना हाका मारून ती दाखविली. चौथ्या दिवशी सारे थंड. बुडबुडा एक नाही, वास मात्र न वाळलेल्या फडक्याचा. मेले असे समजून आम्ही ते ओतून दिले, नव्याने मांडले, आणि पुन्हा चौथ्या दिवशी ओतून दिले. जिवंत माणसाचा मृत्यूचा दाखला आम्ही दोनदा काढला, हे पुढे कळले. पहिला फेस खऱ्या विरजणाचा नसतोच. तो बहुधा ल्यूकोनोस्टॉक आदी जंतूंचा खेळ. पीठ पुरेसे आंबट झाले की ते आपोआप माघार घेतात, आणि मग पिठातलेच रानटी यीस्ट व आम्ल सोसणारे लॅक्टिक जंतू हळूहळू घर करतात. मधले दोन-तीन दिवस शांततेचे जातात, आणि नवशिक्याचा धीर नेमका तेथेच सुटतो. हेच ल्यूकोनोस्टॉक आपल्या इडलीच्या पिठात असते आणि तेथे तर इडली फुगविण्याचे कामच ते करते.

तिसऱ्या खेपेस विरजण जगले, परंतु पाव मेला. पुस्तकाने सांगितले होते की मळलेला गोळा रात्रभर, आठ-दहा तास, ओट्यावर झाकून ठेवावा. आम्ही आज्ञाधारकपणे ठेवला. सकाळी परातीत गोळा नव्हता, लापशी होती. हाताला तारेसारखी लागे आणि आकार धरीत नसे. तशीच भाजली, तेव्हा चपटी, करड्या रंगाची, तोंड आंबविणारी वीट निघाली. कारण इतके साधे की आता लाज वाटते. पुस्तक लिहिणाऱ्याचे स्वयंपाकघर 21 अंशांचे होते. आमचे रात्रीही 30 अंशांचे. ढोबळ मानाने दहा अंशांनी उष्मा वाढला की आंबण्याचा वेग दुपटीच्या घरात जातो. त्यापलीकडे आम्ल साचत जाते, आणि पिठाला बांधून ठेवणारे ग्लूटेनचे जाळे विरघळू लागते. त्यात आम्ही वापरली ती जात्याची कणीक. तिच्यातील कोंडा ते जाळे कापतो, आणि दळताना फुटलेला स्टार्च झपाट्याने साखर होऊन पीठ चिकट करतो. चौथ्या खेपेस नुसता मैदा घेतला, पण पाणी पुस्तकाप्रमाणे शेकडा 75 घातले. आमच्या दुकानातल्या मैद्याला 65 पुष्कळ होते. शिवाय पाव गरम असतानाच कापला, त्यामुळे आत गच्च चिकट राहिला. तो दोष मात्र हवेचा नव्हे, आमच्या हावरेपणाचा.

आता पहिल्या निवाड्याकडे वळू. आंबलेले व शिळे निषिद्ध, हा त्यातील शास्त्राधार. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात शुक्ताचा, म्हणजे काळाने आंबट झालेल्या पदार्थांचा, निषेध आहे हे खरे. त्याच ठिकाणी दही व दह्यापासून झालेले सर्व वगळले आहे. आणि थोडे पुढे, शिळ्या अन्नाचा विचार करताना, जव व गहू यांचे पदार्थ पुष्कळ काळ राहिले आणि त्यांत स्नेह नसला तरीही खाण्यास हरकत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा शिळेपणाची हरकत गव्हाच्या पावाला मुळातच लागू नाही. उरली आंबटपणाची. ती चालवावयाची असेल तर क्रमाने चालवावी: आधी इडली, मग डोसा, मग आंबोळी, आंबील, रात्रभर आंबविलेल्या पिठाची जिलेबी, आणि मग आमचा पाव. पंक्तीत जिलेबी दोनदा मागून घेणाऱ्याने आमच्याविरुद्ध फिर्याद लावू नये, एवढेच आमचे म्हणणे.

परकेपणाचे म्हणाल तर एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, तिच्यातला बटाटा, मिरची आणि शेंगदाणा, हे चारही अमेरिका खंडांतून समुद्रमार्गे आले. त्यांना आम्ही उपवासाचा अधिकार दिला. पावाला का नाही, याचे खरे उत्तर आम्हां सर्वांस ठाऊक आहे. पावाचा तुकडा गावच्या विहिरीत टाकला, न कळत ते पाणी प्यालेले बाटले आणि गावच्या गाव गेले, ही कथा गोमंतकापासून वसईपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्यांचे देव सोळाव्या शतकात सासष्टीतून रातोरात अंत्रुजेत हलवावे लागले, त्या समाजाच्या मनात ती खोल रुतली यात नवल नाही, आणि त्या भयाचा आम्ही उपहास करणार नाही. आमच्या आजीने पाव कधी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही. खाणाऱ्याने तो ओसरीवर, चहात बुडवून खावा. परंतु ती कथा खरी धरली, तर तिची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. विहिरीत तुकडा टाकणारा परका होता. पाणी प्यालेल्या भावाला घराचे दार उघडणार नाही असे म्हणणारे परके नव्हते. चारशे वर्षे आपण शिक्षा पावाला देत आलो. निकाल चुकीच्या प्रतिवादीवर लागला आहे.

तरुण आप्तासाठी इतका वेळ नको. पोदेर हा शब्द पोर्तुगीज, पण त्याचा पाव गोमंतकात फुगला तो माडाच्या सुरेवर. सूर आंबते ती हवेतल्या, पोयीतल्या, भांड्यातल्या रानटी यीस्टने. बरणीतल्या विरजणाशी तिचे सख्खे नाते. आज माडावर चढणारे रेंदेर विरळ झाले, बहुतेक भट्ट्यांत यीस्टच चालते, आणि जी विद्या दारातून गेली तीच आपण वेताच्या टोपलीसह दामदुप्पट देऊन परत मागवितो.

आणि आमचा पाव? तो वळणावर आणला काकीने. तिने आयुष्यात पाव भाजलेला नाही आणि स्वयंपाकघरात येऊ द्यावयाचा नाही हा आजीचा दंडक ती आजही पाळते. पाचव्या खेपेस पिठात विरजण घालताना तिने दारातून पाहिले आणि म्हणाली, “अरे, मे म्हयनो हो. इतलें कित्याक घालता तूं?” इडलीचे पीठ ती उन्हाळ्यात उशिरा वाटते, भांडे थाळ्यातल्या पाण्यात ठेवते, पावसाळ्यात तेच भांडे घोंगडीत गुंडाळते. घड्याळ ती पाहत नाही, पीठ पाहते. आम्ही विरजण निम्मे केले, पाणी माठातले घेतले, गोळा दीडपट होताच, म्हणजे सुमारे पाच तासांत, फ्रिजमध्ये टाकला आणि सकाळी झाकणाच्या जाड पातेल्यात भाजला. दोन तास थांबून कापला. जाळी पडली होती; फार नव्हे, पण पडली होती.

काकीने एक तुकडा घेतला आणि ओसरीवर नेऊन चहात बुडवून खाल्ला. विरजणाची बरणी मात्र हल्ली आतल्या फळीवर, दह्याच्या भांड्याशेजारी असते. ती तेथे आम्ही ठेवलेली नाही.